गुन्हा लपवणारे वेगळे, शिक्षा भोगणारे वेगळे : पेन स्टेट प्रकरण नीट समजून घेऊया

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात पेन स्टेट नावाची सरकारी मदतीवर चालणारी मोठी युनिव्हर्सिटी आहे. २०१२ च्या जुलैमध्ये तिच्या फुटबॉल टीमला तिथल्या कॉलेज स्पोर्ट्समधल्या सगळ्यात जबर शिक्षांपैकी एक शिक्षा झाली, आणि पुढच्या अडीच वर्षांत त्यातली बहुतेक शिक्षा मागेही घेतली गेली. शिक्षा झाली तेव्हा लोक भांडले आणि मागे घेतली तेव्हाही भांडले, आणि आज इतक्या वर्षांनीही विषय निघाला की दोन तट पडतातच. प्रश्न तसा साधा वाटतो, की एखाद्या संस्थेतल्या मोठ्या माणसांनी लहान मुलांवर होणारे अत्याचार माहीत असून पोटात ठेवले तर त्या संस्थेला काय शिक्षा करायची? पण उत्तर शोधायला बसलं की लगेच अडकायला होतं, कारण संस्था म्हणजे नेमकं कोण हेच ठरत नाही. तर हे सगळं प्रकरण पहिल्यापासून, सोप्या भाषेत बघूया.

आधी एक गोष्ट डोक्यात बसली पाहिजे, की अमेरिकेत कॉलेज फुटबॉल म्हणजे आपल्याकडच्या इंटर-कॉलेज मॅचेससारखा प्रकार नाहीये. (फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, बॉल हातात घेऊन पळतात तो.) पेन स्टेटचं बीव्हर स्टेडियम एक लाखाच्या वर लोकांचं आहे आणि ज्या स्टेट कॉलेज गावात ते आहे त्या गावाची वस्ती त्याच्या निम्मीसुद्धा नाही, म्हणजे मॅचच्या दिवशी गावापेक्षा स्टेडियम मोठं होतं. हॉटेलं, दुकानं, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या, सगळं या टीमभोवती फिरतं. फुटबॉलचं वर्षाचं उत्पन्न त्या काळात साधारण ६ कोटी डॉलर होतं. आणि या सगळ्याच्या मध्यभागी होते हेड कोच जो पॅटर्नो, १९६६ पासून त्याच खुर्चीवर, दोनदा नॅशनल चॅम्पियन, ४०९ मॅचेस जिंकलेले, स्टेडियमबाहेर स्वतःचा ब्राँझचा पुतळा उभा असलेले. २००४ मध्ये युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट आणि अ‍ॅथलेटिक डायरेक्टर (खेळ विभागाचे प्रमुख) त्यांच्या घरी जाऊन "आता रिटायर व्हा" असं सुचवून आले तर पॅटर्नोंनी सरळ नाही म्हटलं आणि विषय तिथेच संपला. कागदावर कोण कोणाचा बॉस होता आणि खरं वजन कोणाचं होतं ते यावरून कळतं.

जेरी सँडस्की हा पॅटर्नोंचा कित्येक वर्षांचा असिस्टंट कोच. त्याने १९७७ मध्ये 'सेकंड माइल' नावाची संस्था काढली होती, गरीब, घरात अडचणी असलेल्या मुलांसाठी. याच संस्थेतून तो मुलं हेरायचा. त्यांना मॅचला न्यायचं, गिफ्ट द्यायच्या, घरी राहायला बोलवायचं, आणि मग अत्याचार. ज्यांच्या घरी वडील नाहीत किंवा आई एकटी राबतेय अशा मुलांना एवढा मोठा कोच जवळ करतोय म्हटल्यावर घरच्यांना आनंदच व्हायचा, आणि तेच तो वापरत होता.

आता कोणाला कधी कळलं ते बघा, कारण शिक्षेचा सगळा वाद याच तारखांवर उभा आहे. १९९८ मध्ये एका आईने युनिव्हर्सिटीच्या पोलिसांकडे तक्रार केली की सँडस्कीने माझ्या ११ वर्षांच्या मुलाबरोबर शॉवर घेतला. चौकशी झाली, सरकारी वकिलाने केस दाखल केली नाही, फाइल बंद. पुढच्याच वर्षी सँडस्की रिटायर झाला, पण मानाने, म्हणजे ऑफिस आहे, जिमच्या किल्ल्या आहेत, कधीही ये-जा करायची मुभा आहे. २००० मध्ये सफाईचं काम करणाऱ्या एका माणसाने शॉवरमध्ये त्याला एका मुलावर अत्याचार करताना पाहिलं, तो हादरला, सोबतच्या कामगारांना त्याने सांगितलं, आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की बोलायचं नाही, नोकरी जाईल. त्यांच्यातल्या एकाने नंतर चौकशीत सांगितलं की तक्रार करणं म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या विरोधात जाण्यासारखं झालं असतं. मला या पूर्ण प्रकरणात हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि पुढे शिक्षेबद्दल बोलताना त्याच्याकडे परत यावं लागणार आहे.

२००१ च्या फेब्रुवारीत माइक मॅक्वेरी नावाच्या तरुण असिस्टंटने रात्री लॉकर रूममध्ये सँडस्कीला एका मुलाबरोबर शॉवरमध्ये पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याने पॅटर्नोंना सांगितलं. पॅटर्नोंनी अ‍ॅथलेटिक डायरेक्टर टिम कर्ली यांना सांगितलं, आणि गोष्ट व्हाइस प्रेसिडेंट गॅरी शुल्ट्झ (युनिव्हर्सिटीचे पोलीस यांच्याच हाताखाली होते) आणि प्रेसिडेंट ग्रॅहम स्पॅनियर यांच्यापर्यंत गेली. आधी ठरलं होतं की बालकल्याण खात्याला कळवायचं. मग कर्ली पॅटर्नोंशी बोलले आणि कर्लींचं मन बदललं, म्हणाले आधी सँडस्कीशीच बोलू, त्याला मदत घ्यायला सांगू, त्याच्या संस्थेला कळवू. स्पॅनियरनी ईमेलवर याला होकार दिला आणि लिहिलं की धोका एकच, त्याने ऐकलं नाही तर आपण कळवलं नाही म्हणून आपण अडचणीत येऊ. म्हणजे धोका कोणाला, तर आपल्याला! तो शॉवरमधला मुलगा कोण होता, कुठे राहतो, बरा आहे का, हे शोधायचा साधा प्रयत्नही कोणी केला नाही. यानंतरही कित्येक वर्षं सँडस्की मुलांना छळत राहिला.

शेवटी २००८ मध्ये दुसऱ्याच एका गावातल्या शाळेत एका मुलाच्या आईने तक्रार लावून धरली आणि तिथून सरकारी चौकशी सुरू झाली. नोव्हेंबर २०११ मध्ये सँडस्कीला अटक झाली. चारच दिवसांत ट्रस्टींनी पॅटर्नोंना फोनवरून काढून टाकलं, स्पॅनियर यांनाही जावं लागलं, आणि त्या रात्री हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले, टीव्हीची एक गाडी उलटी केली, कोचला काढलं म्हणून. मुलांसाठी म्हणून मेणबत्त्या घेऊन उभे राहिलेले विद्यार्थीही त्याच आठवड्यात त्याच कॅम्पसवर होते, हेही सांगितलं पाहिजे. पॅटर्नो जानेवारी २०१२ मध्ये कॅन्सरने गेले. मी आणखी काही करायला हवं होतं असं ते शेवटी म्हणाले होते.

जून २०१२ मध्ये ज्युरीने सँडस्कीला ४८ पैकी ४५ आरोपांत दोषी ठरवलं, १० मुलांच्या बाबतीत. शिक्षा ३० ते ६० वर्षं. त्याच्या शिक्षेबद्दल फारसा वाद नाही, वाद आहे तो बाकीच्यांच्या शिक्षेचा.

आता येते एनसीएए. ही अमेरिकेतल्या कॉलेज स्पोर्ट्सची देशपातळीवरची संघटना, युनिव्हर्सिटीज तिच्या मेंबर असतात. ती सरकार नाही, कोर्ट नाही, तिला कोणाला जेलमध्ये टाकता येत नाही. तेव्हा तिचं काम होतं ते खेळाडूंना चोरून पैसे दिले का, परीक्षेत कॉपी करवली का, भरतीचे नियम मोडले का, हे बघणं. नियम मोडले तर नोटीस जाते, चौकशी होते, मग कमिटीपुढे सुनावणी होते, अपील करता येतं, आणि यात महिने काय वर्षं जातात. सगळ्यात कडक शिक्षेला तिथे बोलीभाषेत 'डेथ पेनल्टी' म्हणतात, म्हणजे टीमच काही काळ बंद. १९८७ मध्ये टेक्सासमधल्या सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमला ती मिळाली होती, खेळाडूंना वारंवार चोरून पैसे दिले म्हणून. ती टीम त्यातून सावरायला वीस वर्षं लागली, सीझननंतरच्या मानाच्या मॅचेस ज्यांना बाऊल गेम म्हणतात त्यात ती परत दिसली ती थेट २००९ मध्ये.

पेन स्टेटच्या बाबतीत एनसीएएने ही नेहमीची वाट घेतलीच नाही. युनिव्हर्सिटीने स्वतः एफबीआयचे माजी डायरेक्टर लुईस फ्री यांना चौकशीला नेमलं होतं, त्यांचा २६७ पानांचा रिपोर्ट १२ जुलै २०१२ ला आला, त्यात म्हटलं होतं की वरच्या चौघांनी (स्पॅनियर, शुल्ट्झ, कर्ली, पॅटर्नो) बदनामीच्या भीतीने गोष्ट दडवली. एनसीएएने हाच रिपोर्ट उचलला, स्वतःची चौकशी केली नाही, सुनावणी घेतली नाही, आणि अकराव्या दिवशी, २३ जुलैला, प्रेसिडेंट मार्क एमर्ट यांनी शिक्षा जाहीर केली. पेन स्टेटचे नवे प्रेसिडेंट रॉडनी एरिक्सन यांनी करारावर सही केली, कारण त्यांना सांगण्यात आलं होतं की सही केली नाही तर कित्येक वर्षांची डेथ पेनल्टी येऊ शकते. अपीलचा हक्क त्या सहीबरोबरच गेला. फ्री यांनी पॅटर्नो, कर्ली, शुल्ट्झ आणि मॅक्वेरी या चौघांशीही बोलणं केलेलं नव्हतं, त्यातले काही केस चालू असल्यामुळे बोलायला तयार नव्हते आणि पॅटर्नो तर वारले होते, पण म्हणून काय झालं, ज्या रिपोर्टवर एवढी मोठी शिक्षा द्यायची तो निदान स्वतः तपासून घ्यायला नको?

शिक्षा काय होती? ६ कोटी डॉलर दंड, म्हणजे त्यावेळच्या भावाने सव्वातीनशे कोटी रुपयांच्या वर, आणि तो पैसा मुलांवरचे अत्याचार रोखण्यासाठी वापरायचा. चार वर्षं बाऊल गेमवर बंदी. वर्षाला २५ नव्या स्कॉलरशिप देता यायच्या त्या १५ वर आणि एकूण ८५ च्या ६५. १९९८ ते २०११ मधले ११२ विजय रेकॉर्डमधून रद्द, त्यातले १११ पॅटर्नोंचे, म्हणजे ४०९ चे झाले २९८. पाच वर्षं प्रोबेशन (म्हणजे एनसीएएच्या नजरेखाली राहायचं) आणि माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांची देखरेख. जे खेळाडू आहेत त्यांना कुठेही दुसरीकडे जायची मोकळीक, एरवी ट्रान्सफर घेतली की एक वर्ष बसून काढावं लागायचं ते माफ. याशिवाय बिग टेन, म्हणजे ज्या लीगमध्ये पेन स्टेट खेळते तिने बाऊल उत्पन्नातला वाटा थांबवला, साधारण १.३ कोटी डॉलर, तोही मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना. पॅटर्नोंचा पुतळा युनिव्हर्सिटीने आदल्याच दिवशी काढून टाकला होता.

इथे थांबून एक हिशोब करा. २०१२ मध्ये टीममध्ये नव्याने आलेला १८ वर्षांचा मुलगा १९९८ मध्ये चार वर्षांचा होता, २००१ मध्ये सात. सँडस्कीच्या शेवटच्या बळींपैकी काही मुलगे याच वयाचे, म्हणजे हे खेळाडू आणि ते बळी एकाच पिढीतले. ज्या चौघांवर गोष्ट दडवल्याचा ठपका होता ते सगळे साठीच्या आसपासचे किंवा पुढचे, आणि शिक्षा जाहीर झाली तेव्हा चौघेही पदावर नव्हते, एक तर हयातही नव्हते. मग बाऊल बंदी भोगली कोणी? ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्या पोरांनी. सायलस रेड हा त्यांचा मुख्य रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा खेळाडू) सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीला निघून गेला, आणखीही काही गेले, पण मायकेल मॉटी, मायकेल झोर्डिच यांच्यासारखे शेवटच्या वर्षाचे खेळाडू उभे राहिले की आम्ही कुठे जाणार नाही, आणि नवे कोच बिल ओ'ब्रायन यांच्याबरोबर त्या सीझनला आठ मॅचेस जिंकल्या, चार हरल्या, बाऊल नाही हे माहीत असून. आणि स्कॉलरशिप कमी करणं तर मला सगळ्यात खटकतं, कारण स्कॉलरशिप ही संस्थेची मालमत्ता नाही, ती कुठल्यातरी गरीब घरातल्या मुलाची कॉलेजची फी आहे, तिच्यातून वीस जागा कापल्या म्हणजे कुठलीतरी वीस मुलं त्या कॉलेजात आलीच नाहीत.

पण (आणि हा पण फार मोठा आहे) "खेळाडू निर्दोष आहेत" एवढं म्हणून विषय संपवता येत नाही. कारण तसं म्हटलं तर कुठल्याच संस्थेला कधीच शिक्षा करता येणार नाही, प्रत्येक संस्थेत निर्दोष माणसं असतातच, बहुसंख्य तीच असतात. आता तो सफाई कामगार आठवा. तो कोणा एका माणसाला घाबरला नव्हता, सँडस्की तर तेव्हा रिटायर होता, तो घाबरला फुटबॉलला. एवढा मोठा, एवढा पवित्र करून ठेवलेला प्रोग्रॅम (म्हणजे टीम, कोच, स्टेडियम, पैसा हा फुटबॉलचा सगळा पसारा), की त्याच्यावर डाग येईल असं काही बोलणारा माणूसच गावातून उठेल अशी खात्री त्याला होती, आणि नोव्हेंबर २०११ च्या त्या रात्री रस्त्यावर जे झालं ते बघितल्यावर ती भीती खोटी होती असं म्हणायची माझी तयारी नाही. म्हणजे प्रोग्रॅमचं मोठेपण हाच गुन्हा लपवण्याचा आधार होता. त्यामुळे प्रोग्रॅमला हात लावायचाच नाही आणि फक्त चार माणसांना धरायचं, हेही पुरेसं नाही. ज्या गोष्टीने गप्प बसवलं ती गोष्ट आहे तशीच ठेवली तर पुढचा कामगारही गप्पच बसेल.

मग एनसीएएने हात लावला तो बरोबर का? माझं मत, हेतू बरोबर, पण अधिकार डळमळीत आणि निशाणा चुकलेला. अधिकाराचं पुढे कोर्टातच बाहेर आलं. पेनसिल्व्हेनियाच्या राज्य विधिमंडळातले सिनेटर जेक कॉर्मन यांनी एनसीएएवर केस केली, मागणी साधी होती की दंडाचे पैसे आमच्याच राज्यातल्या मुलांवर खर्च व्हावेत, बाहेर जायला नकोत. केस वाढत वाढत मूळ करारच वैध आहे का इथपर्यंत पोचली, आणि त्यात एनसीएएचे आतले ईमेल उघडे पडले, ज्यात त्यांचेच वरिष्ठ अधिकारी २०१२ मध्ये एकमेकांना लिहीत होते की इथे आपला अधिकार दाखवणं म्हणजे जरा ताणणंच आहे, आणि आपण जे करतोय ते ब्लफ आहे. शिक्षा देणाऱ्यालाच आपल्या अधिकाराची खात्री नाही! ट्रायल सुरू व्हायच्या आधी, १६ जानेवारी २०१५ ला, सेटलमेंट झाली. जुना करार रद्द, ११२ विजय परत, पॅटर्नो पुन्हा ४०९. स्कॉलरशिप तर २०१३ पासूनच हळूहळू परत देत होते आणि बाऊल बंदी सप्टेंबर २०१४ मध्येच उठली होती, मिचेल यांच्या रिपोर्टमध्ये युनिव्हर्सिटीने सुधारणा केल्यात असं आलं म्हणून. ६ कोटी मात्र राहिले, त्यातले ४.८ कोटी राज्याकडे आणि १.२ कोटी पेन स्टेटमध्येच बाल अत्याचारावरच्या कामासाठी.

टीमचं पुढे काय झालं? २०१४ मध्ये बाऊल जिंकली, २०१६ मध्ये बिग टेनची चॅम्पियन. म्हणजे सदर्न मेथडिस्टसारखं काही झालं नाही.

विजय रद्द करणं आणि परत देणं यावर मात्र मला दोन शब्द जास्त बोलायचेत, कारण सगळ्यात जास्त आरडाओरडा याच्यावरच झाला आणि सगळ्यात कमी अर्थ यातच होता. १९९८ ची मॅच जिंकली होती की नव्हती हे कागदावर खोडून कोणाला काय मिळालं? ज्याच्यावर अत्याचार झाला त्याला काही नाही, खेळणाऱ्या मुलांनी घाम गाळला होता तो खोटा ठरवला, आणि उलट झालं असं की पॅटर्नोंच्या चाहत्यांना एक लढाई मिळाली, ४०९ हा आकडा झेंड्यासारखा झाला, आणि २०१५ मध्ये तो परत मिळाला तेव्हा कॅम्पसवर जल्लोष झाला. तो जल्लोष बघताना त्या दहा मुलांपैकी कोणाला काय वाटलं असेल याचा विचार करा. शिक्षेतून गुन्ह्याची आठवण राहायला हवी होती, या शिक्षेतून आकड्याची आठवण राहिली.

इकडे खऱ्या कोर्टात काय चाललं होतं? कर्ली आणि शुल्ट्झ यांनी मार्च २०१७ मध्ये मुलांची सुरक्षितता धोक्यात घातल्याचा किरकोळ दर्जाचा गुन्हा कबूल केला, स्पॅनियर यांना त्याच महिन्यात ज्युरीने दोषी ठरवलं. जेलमध्ये काढायची मुदत कर्लींना तीन महिने, शुल्ट्झना दोन, स्पॅनियरना दोन. स्पॅनियर यांची शिक्षा मध्ये एकदा रद्द झाली, मग परत लागू झाली, आणि ते जेलमध्ये गेले ते २०२१ मध्ये, म्हणजे त्या शॉवरच्या रात्रीनंतर वीस वर्षांनी. पॅटर्नोंवर केस होणार नव्हतीच कारण तेव्हाच्या कायद्याप्रमाणे वरच्याला कळवलं की कर्मचाऱ्याची जबाबदारी संपायची, पुढे पोलिसांना किंवा खात्याला कळवायचं काम संस्थाप्रमुखाचं. कायद्यातली हीच पळवाट २०१४ मध्ये बंद केली, आता तिथे ज्याच्यावर कळवायची सक्ती आहे त्याने स्वतः थेट राज्याच्या हेल्पलाइनला कळवायचं, साहेबाला सांगून हात झटकता येत नाहीत. माझ्या मते ११२ विजयांपेक्षा या एका बदलाचं मोल कितीतरी जास्त आहे.

पैशाच्या बाजूने बघितलं तर युनिव्हर्सिटीने पीडितांना मिळून १० कोटी डॉलरच्या वर दिले. मॅक्वेरीची नोकरी गेली होती, त्याने केस केली आणि जिंकला, सगळं मिळून १.२ कोटी डॉलर. केंद्राच्या शिक्षण खात्याने २०१६ मध्ये कॅम्पसवरच्या गुन्ह्यांची माहिती लपवण्याविरुद्धच्या कायद्याखाली साधारण २४ लाख डॉलर दंड केला, तो तोपर्यंतचा त्या कायद्याखालचा सगळ्यात मोठा. ही रक्कम १० कोटींपुढे लहान वाटेल, पण फरक असा की इथे नियम आधीपासून लिहिलेला होता, तो मोडला हे तपासलं, आणि मग दंड केला.

हे महत्त्वाचं का, तर पुढे काय झालं बघा. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लॅरी नासर या डॉक्टरने शेकडो मुलींवर उपचाराच्या नावाखाली अत्याचार केले, युनिव्हर्सिटीने २०१८ मध्ये ३३२ पीडितांसाठी ५० कोटी डॉलरची सेटलमेंट केली, आणि एनसीएएने त्याच वर्षी सांगितलं की आमचा कुठला नियम मोडलेला नाही. काही शिक्षा नाही. टेक्सासच्या बेलर युनिव्हर्सिटीत फुटबॉल खेळाडूंवर लैंगिक अत्याचाराचे आरोप झाले आणि ते नीट हाताळले नाहीत म्हणून २०१६ मध्ये प्रेसिडेंट आणि कोच दोघांची पदं गेली, पण २०२१ मध्ये एनसीएएच्या कमिटीचा निकाल आला की वागणं लाजिरवाणं होतं तरी आमच्या नियमात हे बसत नाही, बाकीच्या बारीक गोष्टींसाठी चार वर्षं प्रोबेशन आणि ५,००० डॉलर. पाच हजार! एकाला सहा कोटी आणि दुसऱ्याला पाच हजार, आणि संघटना तीच. पेन स्टेटमध्ये नियम नसताना घाईने हातोडा मारला, तो उलटा बसला, आणि मग पुढच्या दोन्ही वेळेला नियम नाही म्हणून हात वर केले. मधल्या वर्षांत नीट नियम लिहायला कोणी अडवलं होतं? रागाच्या भरात दिलेली शिक्षा टिकली नाही तर नुकसान पुढच्या पीडितांचं होतं, ते असं.

आपल्याकडे वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट मध्येच सांगतो, आपला पॉक्सो कायदाही त्याच २०१२ सालचा, १४ नोव्हेंबरपासून लागू. त्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं कोणालाही बंधनकारक आहे, आणि हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने कळवला नाही तर कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांच्या बाबतीत जे घडलं त्यात शाळेच्या ट्रस्टींवरही न कळवल्याचा गुन्हा याच कायद्याखाली नोंदला गेला. म्हणजे शाळा, क्रीडा अकॅडमी, होस्टेल, कुठेही असाल आणि कळलं तर मुख्याध्यापकांना किंवा सरांना सांगितलं म्हणून तुमचं काम संपत नाही.

मग न्याय्य शिक्षा कशी असायला हवी होती? मला जे वाटतं ते सांगतो, पटेल न पटेल. ज्यांनी ठरवलं त्यांना वैयक्तिक शिक्षा, आणि ती दोन-तीन महिन्यांची नाही, कारण एक ईमेल पाठवला असता तर पुढची मुलं वाचली असती. ट्रस्टी मंडळाचीही झाडाझडती, कारण प्रेसिडेंटवर नजर ठेवायचं काम त्यांचं होतं आणि एका कोचला रात्री फोन करून काढलं म्हणून ते काम केल्यासारखं होत नाही. प्रोग्रॅमला शिक्षा पैशातून, कारण बाऊल बंदीने खेळाडूचं आयुष्यातलं एक वर्ष जातं जे परत येत नाही आणि उत्पन्नातून कापलं तर ते संस्थेला लागतं, फक्त ती रक्कम एकदाच नको, फुटबॉलच्या तिकिटांतून आणि टीव्हीच्या पैशातून दहा-पंधरा वर्षं ठरावीक हिस्सा बाल संरक्षणाला गेला पाहिजे, म्हणजे प्रत्येक सीझनच्या हिशोबात ती ओळ दिसत राहील. खेळाडूंना दुसरीकडे जायची मोकळीक दिली ते एनसीएएने चांगलं केलं, तेवढं ठेवायचं. बाहेरच्या माणसाची देखरेख तर हवीच, आणि ती पाच वर्षांच्या आधी सैल करायची नाही, टीम चांगली खेळते म्हणून तर अजिबात नाही. आणि सफाई कामगार, कँटीनवाला, विद्यार्थी, कोणालाही युनिव्हर्सिटीच्या बाहेर थेट तक्रार करता यावी आणि तक्रार केली म्हणून नोकरी गेली तर त्याची भरपाई मॅक्वेरीसारखी कित्येक वर्षं कोर्टात भांडून मिळू नये, आधीच लिहून ठेवलेली असावी.

एक मुद्दा लोक नेहमी काढतात, की युनिव्हर्सिटीने पैसे भरले म्हणजे शेवटी फी भरणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि टॅक्स भरणाऱ्यांनीच भरले ना? मुद्दा खरा आहे, म्हणूनच दंड फुटबॉलच्या खात्यातून जातोय का हे तपासणारं कोणीतरी लागतं, पेन स्टेटच्या बाबतीत दंड अ‍ॅथलेटिक्सच्या पैशातून भरू असं युनिव्हर्सिटीने सांगितलं होतं.

आणि जे अजून राहिलंय तेही सांगायला हवं. पेनसिल्व्हेनियाने २०१९ मध्ये कायदा बदलून लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराची फौजदारी मुदत काढून टाकली आणि दिवाणी दावा वयाच्या ५५ पर्यंत करता येईल असं केलं, पण ज्यांची मुदत त्याआधीच संपली होती त्यांना यात काही मिळत नाही. त्यांच्यासाठी दोन वर्षांची खास सवलत द्यायची घटनादुरुस्ती मतदानाला जाणार होती, तर २०२१ मध्ये कळलं की राज्याच्या खात्याने कायद्याने लागते ती जाहिरात वेळेत छापलीच नाही, आणि सगळी प्रक्रिया पहिल्यापासून सुरू करावी लागली.